तिसऱ्या वर्षाची पाठवणी

ला पाझ,
८ ऑगस्ट १९९७

प्रिय ताई,

शनिवारच्या ट्रकवाल्या लुसियोकडे हे पत्र देतेय. त्याने दिलं नाही तर त्याला बाजारात गाठ आणि सरळ खिसे तपास, कारण मागचं पत्र त्याच्या कोटात तीन आठवडे फिरत होतं.

पदवीला अजून काय काय लागतं हे तू विचारलं होतंस. भिंतीवर कागदच चिकटवलाय, त्यात बघून सांगते. तीन परीक्षकांपुढे तासभर आयमारा बोलून दाखवायची, ते झालं. दोन सत्रं केचुआ शिकायची, तीही झाली, कशीबशी. माझी केचुआ ऐकून कोचाबांबाकडच्या भाजीवाल्या शालीत तोंड लपवून हसतात. आता राहिलंय ते मोठं काम. एका गावात नव्वद दिवस राहायचं, तिथला एक विधी पहिल्यापासून शेवटपर्यंत टेपवर घ्यायचा, शब्दन् शब्द लिहून काढायचा, त्यावर प्रबंध लिहायचा आणि रोजची दैनंदिनी त्याला जोडायची. मग प्रबंधाची एक प्रत आपल्या गावाला द्यायची आणि मुखियाच्या सहीशिक्क्याची पोचपावती आणायची. ती आणली नाही तर बाकी सगळं करूनही पदवी नाही.

मी नोव्हेंबरातल्या मृतांच्या दोन दिवसांचा विषय घेतलाय. आई गेल्यापासून दुसरं काही सुचतच नाही. पण नियम असा की हे काम स्वतःच्या गावात करायचं नाही. घरचं माणूस घरातलं नीट बघत नाही, म्हणे. त्यामुळे मला डोंगरापलीकडे चियारपाताला पाठवतायत, सप्टेंबर ते नोव्हेंबर.

आणि यंदा आईचं तिसरं वर्ष. पहिली दोन वर्षं आपण मेज मांडतो, ती येते, जेवते, जाते. तिसऱ्या वर्षी तिला कायमचं जा म्हणून सांगायचं, पुन्हा तिच्या नावाची मेज नाही. हे तुला मी सांगायचं म्हणजे अतीच झालं, पण लिहून काढलं की माझ्या जिवाला जरा बरं वाटतं. काय करू, सांग. एक वर्ष थांबले तर माझी जागा जाते.

तुझी
फेलिसा

*

कोताउयो,
२२ ऑगस्ट १९९७

फेलिसा,

पत्र मिळालं. लुसियोला खिसे तपासण्याची धमकी दिली तर म्हणाला, पोरीने मला चोर ठरवलं का. आता तूच त्याची समजूत काढ.

अगं, आपल्याच आईची भाषा शिकायला पाच वर्षं लागतात होय? मला तर मेंढ्यांमागे फिरता फिरता आली. आणि परीक्षक तीन कशाला, एकटी मावशी पाउलिना बसवली असती तरी तिने तुला पाच मिनिटांत घाम फोडला असता. थट्टा करतेय. प्रौढांच्या वर्गातल्या बाई म्हणतात, माझ्या पत्रात आता चुका कमी आणि टोमणे जास्त असतात.

तू चियारपाताला जा. जागा सोडू नकोस. मी सहावीत शाळा सोडली ती तू शिकावीस म्हणून, आता शेवटच्या वर्षाला तू माघार घेतलीस तर मी कुणाच्या नावाने बोटं मोडू? पीठ, ऊस, कांद्याचे देठ, आईला उतरायला शिडीच्या आकाराची भाकरी, सगळं मी बघते. फक्त दोन नोव्हेंबरला दुपारी बाराच्या आत तू इथे हवीस. तेवढं कर.

एक गोष्ट बोलायची राहिली आहे, ती लिहिते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तुझी परीक्षा होती, म्हणून मी तुला कळवलं नाही. ती रोज विचारायची, धाकटी कुठे आहे. मी म्हणायचे, निघाली आहे, वाटेत आहे. चार दिवस मी तुला वाटेतच ठेवलं. तू आलीस तेव्हा माती देऊन झाली होती. तू मला त्याबद्दल कधी बोलली नाहीस, पण माझं मला ते खातं. या वेळी तरी तिला तू दिसायला हवीस.

मेंढ्या बऱ्या आहेत. काळी व्याली.

तुझी ताई
असुंता

*

चियारपाता,
१४ सप्टेंबर १९९७

प्रिय ताई,

इथे थंडी आपल्यापेक्षा कडक आहे आणि माणसं आपल्यापेक्षा कमी बोलतात. पहिला आठवडा कुणी मला दारात उभं केलं नाही. मग मी टेप पिशवीत टाकला आणि बायकांबरोबर वाळवणासाठी गोठवलेले बटाटे तुडवायला गेले. पाय बधिर झाले तेव्हा कुठे एकीने विचारलं, तुझी आई कोण. आई नाही म्हटल्यावर त्यांनी बसायला जागा दिली.

मी राहते ते घर ताता सेवेरो ताकिचिरींचं. सत्तरीचे आहेत, एकटे. त्यांची बायको आपल्या आईच्याच वर्षी गेली, म्हणजे त्यांच्याकडेही यंदा तिसरी मेज. मुलगी एकच, ती अर्जेंटिनाला शिवणकामाला गेली ती गेलीच. मेजेचं टेपवर घ्यायला ताता लगेच हो म्हणाले. वर म्हणाले, बरं झालं, घरात कुणीतरी रडायला तरी असेल.

आता माझा बेत ऐक. एक तारखेला दुपारी आत्मे येतात तेव्हापासून मी सगळं टेपवर घेईन. दोन तारखेला रविवार आहे, आपल्या तळ्याकाठच्या बाजाराला जाणारा ट्रक सकाळी सातला इथून सुटतो. अकरापर्यंत मी तुझ्यापाशी. चियारपाताच्या पाठवणीचं ताता मला मागाहून तोंडी सांगतील आणि मी ते लिहून घेईन. विभागातल्या बाई म्हणतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणजे मेज उचलेपर्यंत, सांगोवांगीचं चालणार नाही. पण मी त्यांना पटवेन. त्यांनाही आई असेलच.

ताई, त्या चार दिवसांचं तू लिहिलंस ते वाचून मी रडले. मी तुझ्यावर रागावले होते, खोटं कशाला बोलू. पहिलं वर्षभर रागावले होते. आता नाही.

तुझी
फेलिसा

*

कोताउयो,
१९ ऑक्टोबर १९९७

फेलिसा,

रागावली होतीस ते बरं केलंस सांगितलंस. मला ते ठाऊकच होतं. दोन वर्षं तू मला पत्रात 'आदरणीय' लिहीत होतीस.

पीठ आलं. भट्टी मी आणि मावशी पाउलिना मिळून लावतोय. आईची भाकरीची बाहुली मी करणार आहे, पण चेहरा कसा करू कळत नाही. मावशी म्हणते नाक मोठं कर. मी म्हटलं, मावशी, आईचं नाक मोठं नव्हतं, तुझं आहे. त्यावरून दोन दिवस ती आमच्याकडे फिरकली नाही.

प्रार्थना म्हणायला ताता एपिफानियो येणार आहेत. त्यांनी मला सगळं पुन्हा समजावून सांगितलं, कारण बाबांच्या वेळी आपण लहान होतो. बरोबर बाराला निरोप. आधी धाकटीने बोलायचं, मागून थोरलीने. प्रत्येकीने आपलं नाव सांगायचं, मनात असेल ते आईला सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, जा आई, वाट मोकळी आहे. एकदाच बोलायचं, पुन्हा पुन्हा नाही, नाहीतर तिचा पाय निघत नाही. थोरलीचं झालं की मेज उचलायची.

मी काय बोलायचं ते ठरवतेय. मेंढ्यांमागे जाताना मोठ्याने म्हणून बघते. बावीस वर्षं तिच्यासोबत एका चुलीशी बसले, पण आम्ही दोघी बोललो ते बटाट्यांबद्दल आणि पावसाबद्दल. शाळा सुटली तेव्हा मला किती वाईट वाटलं होतं हे तिला कधी सांगितलं नाही. तिच्यावर राग नव्हता, तेही सांगितलं नाही. आता सांगेन.

तू ट्रक चुकवू नकोस. पुढे बसायला मिळालं नाही तर मागे पोत्यांवर बस, पण ये.

तुझी ताई
असुंता

*

चियारपाता,
५ नोव्हेंबर १९९७

ताई,

मला माफ कर. ट्रक आलाच नाही.

मी साडेसहालाच रस्त्यावर जाऊन उभी राहिले होते. बोचकं हातात, तुझ्यासाठी घेतलेली लोकर त्यात. सात वाजले, आठ वाजले. एका बाईने सांगितलं, सणाच्या रविवारी कधी कधी येत नाही, वरच्या गावातूनच माघारी वळतो. पायी निघाले असते तर दिवस मावळला असता. नऊ वाजता मी परत फिरले. बारा वाजता मी तळ्याच्या दिशेला तोंड करून उभी राहिले आणि मनातल्या मनात आईला सांगितलं. तिला ऐकू गेलं असेल का ते मला माहीत नाही.

तू किती वाट बघितलीस? काय झालं ते मला सगळं लिही. लपवू नकोस. मला झोप लागत नाहीये.

तुझी
फेलिसा

*

कोताउयो,
२३ नोव्हेंबर १९९७

फेलिसा,

रडत बसू नकोस. ट्रक आला नाही याला तू काय करणार. ड्रायव्हर काही तुझा नवरा नाही की तुझं ऐकेल.

सगळं वेळेवर झालं. हवा छान होती. साठ-सत्तर माणसं आली, भाकरी पुरली, उरलीसुद्धा. बाराला तुझ्या वाटचं मी बोलले, मागून माझं बोलले, मेज उचलली. ताता एपिफानियो म्हणाले, इतकी शांत पाठवणी बऱ्याच वर्षांत बघितली नाही. आई समाधानाने गेली. तू आता तुझ्या कामाकडे लक्ष दे.

बाहुलीचं नाक शेवटी मोठंच झालं. भट्टीत फुगलं.

तुझी ताई
असुंता

*

ला पाझ,
१२ जुलै १९९८

प्रिय ताई,

झालं. तुझी बहीण पास झाली.

परवा तोंडी परीक्षा होती. तिघेही परीक्षक एका पानावर अडकले, आणि ते पान कोणतं माहीत आहे? ताता सेवेरोंच्या घरची पाठवणी. निरोपाच्या वेळी तिथे मुलगी नव्हती. ताता माझ्याकडे बघून म्हणाले, तू बोल, पोरी, ती अर्जेंटिनात आहे, तिचं नाव घे आणि बोल. मी बोलले, ताई. परक्या बाईला आई म्हटलं आणि असं रडू फुटलं की टेपवर अर्धा मिनिट नुसतं तेच आहे. विभागातल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे पाठवणी इतकी पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणीच आणली नव्हती. प्रबंध छापायचंही बोलतायत. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. तुझी फार आठवण आली, आणि आईचीही.

आता फक्त गावाची पावती राहिली. लुसियोकडे जाड पुडकं दिलंय, त्यात प्रत आहे आणि पावतीचा कागद आहे. प्रत शाळेत ठेवायची, मुखियाची सही आणि शिक्का घ्यायचा आणि कागद मला पाठवायचा. ३१ ऑक्टोबरच्या आत विभागात पोचला नाही तर पुन्हा एक वर्ष. पण तू आहेस म्हटल्यावर मला काळजी नाही.

पहिल्या पानावर तुझं आणि आईचं नाव आहे. पुढचं सगळं वाचायची गरज नाही, कंटाळशील. शेवटची दैनंदिनी वगैरे तर नियमासाठी जोडलेली असते, कुणी वाचत नाही.

तुझी
फेलिसा

*

ला पाझ,
६ सप्टेंबर १९९८

प्रिय ताई,

पुडकं मिळालं का? लुसियो शपथेवर सांगतो की तुझ्या हातात दिलं. मी दोन पत्रं पाठवली, तुझं उत्तर नाही. तू आजारी आहेस का? मेंढ्यांचं काही झालंय का?

पावतीसाठी मागे लागतेय असं समजू नकोस. पण मुदत जवळ येतेय हेही खरंच. रागावली असशील तर तसं लिही. नुसती गप्प राहू नकोस, तुझं गप्प बसणं मला सोसत नाही.

तुझी
फेलिसा

*

कोताउयो,
१८ ऑक्टोबर १९९८

फेलिसा,

पावती सोबत आहे. सही आहे, शिक्का आहे, तारीख ऑगस्टची आहे. मुखियाने आठ दिवसांतच करून दिली होती. तेव्हापासून माझ्या पेटीत होती. मला ती पाठवावीशी वाटेना. तुझं वर्ष बुडालं तर बुडू दे, असंही एक दोनदा मनात आलं. ते खोटं नाही म्हणून लिहिते.

तुझं पुस्तक मी वाचलं. तू म्हणालीस गरज नाही, पण पहिल्या पानावर माझं नाव घालून पुढचं वाचू नको म्हणायचं, हे कसं चालेल? दोन महिने लागले. मेंढ्या बसल्या की मी बसायचे, बोट ठेवून वाचायचे. चांगलं लिहिलंयस. बायका बटाटे तुडवताना काय बोलतात ते अगदी जसंच्या तसं आहे, मला हसू आलं. ताता सेवेरो डोळ्यांपुढे उभे राहिले. मग शेवटी ती दैनंदिनी आली, कुणी वाचत नाही ती.

त्यात असं आहे: 'रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी सातला ट्रक आला. ड्रायव्हरने दोनदा विचारलं. पाठवणीचं टेपवर घ्यायचं राहिलं तर विधी अपुरा धरतील, म्हणून गेले नाही.' मी ते चार वेळा वाचलं. मला वाटलं मीच नीट लावत नाहीये, आपलं शिक्षण कमी. मग वर्गातल्या बाईंना दाखवलं. त्यांनीही तेच वाचलं.

तू मला खोटं लिहिलंस आणि त्यांना खरं लिहिलंस. त्यांच्यापाशी नियम होता म्हणून. मला याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. तू मला सरळ लिहिलं असतंस की ताई, मी थांबले, माझी पाच वर्षं पणाला होती, तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि गप्प बसले असते. मीच तुला म्हटलं होतं ना, जागा सोडू नकोस.

पण आता माझंही ऐक. मीही तुला त्या दिवसाचं खरं लिहिलं नव्हतं. आपण दोघी सारख्याच निघालो.

बारा वाजले तेव्हा सगळे उभे राहिले. मी ताता एपिफानियोंना म्हटलं, थोडं थांबा, धाकटी निघाली आहे, वाटेत आहे. म्हटल्यावर माझं मलाच दचकायला झालं, पण मला खात्री होती. ते थांबले. माणसं उन्हात उभी होती. मग एक वाजला. मावशी पाउलिनाने माझा हात धरून सांगितलं, सोड आता तिला, पोरी, हाल करू नकोस तिचे. मी तरी वाटेवर जाऊन बघून आले. दोनदा गेले. दोन वाजायला आले तेव्हा ताता एपिफानियो जवळ आले. ओरडले नाहीत. म्हणाले, 'असुंता, वेळ टळून गेली. ती उंबरा ओलांडून उभी आहे. आता एकीचंच ऐकून जाईल, दोघींचं नाही. कुणाचं नाव घ्यायचं ते तू ठरव.'

मला विचार करायलाही वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी विचार केलाही नाही. मला एवढंच दिसलं की आईने मला रोज बघितलं, तुला नाही. ट्रक आला नाही यात तुझा काय दोष, असं मी तुझं पत्र यायच्या आधीच धरून चालले होते. तू मुद्दाम येणार नाहीस हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणून मी मेजेपुढे गेले आणि म्हटलं, आई, मी फेलिसा. मी आले. माझी परीक्षा होती म्हणून उशीर झाला. मी शिकतेय, चांगली शिकतेय, तुझ्यावर माझा जीव आहे. जा आई, वाट मोकळी आहे.

आवाजही तुझ्यासारखा काढला. मावशीने तोंड फिरवलं. माणसांनी मेज उचलली.

आता चौथं वर्ष. परवा मी ताता एपिफानियोंना जाऊन विचारलं, अजून एकदा मेज मांडली तर चालेल का, छोटी, घरच्या घरी. ते म्हणाले, कुणासाठी मांडणार, ती गेली. आणि मायेने म्हणाले, म्हणून मी वाद न घालता परत आले.

पदवी घे. मी मनापासून सांगते, घे, आणि पुढे शिकव पोरांना. त्यांना तू शिकवशील की निरोप देताना आपलं नाव सांगायचं असतं. तुझं तिला सांगितलं गेलंय, फेलिसा, तुझा निरोप आईला पोचला. शाळेचं, रागाचं, मेंढ्यांमागे म्हणून बघितलेलं ते सगळं माझ्यापाशी तसंच आहे आणि आता ते सांगायला कुणी नाही.

असुंता